नियम सैलावले, जबाबदारी वाढली : पत्रकारितेतील पीएच.डी. कोणत्या वळणावर?

पत्रकारिता आणि जनसंज्ञापन या विषयात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चार निर्णयांनी बदलून टाकली आहे. नोव्हेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२५ या सव्वादोन वर्षांत हे निर्णय झाले. प्रवेशाची पद्धत बदलली, प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती गेली, सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. ऐच्छिक ठरली आणि मान्य नियतकालिकांची केंद्रीय यादीही बंद झाली. हे बदल सर्वच विद्याशाखांना लागू आहेत. परंतु पत्रकारितेसारख्या तुलनेने तरुण आणि व्यवसायाशी बांधलेल्या विषयावर त्यांचा परिणाम अधिक खोल आहे. पदवीचा दर्जा राखण्याचे जे काम आजवर केंद्रीय नियम करत होते, ते आता विभाग, मार्गदर्शक आणि खुद्द संशोधक यांच्यावर येऊन पडले आहे. ती जबाबदारी पेलण्याची तयारी कितपत आहे, हा यातील कळीचा प्रश्न आहे.

कौशल्याकडून संशोधनाकडे

भारतात पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले ते बातमीदार आणि उपसंपादक घडवण्यासाठी. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये प्रा. पी. पी. सिंग यांनी या शिक्षणाचा पाया घातला. फाळणीनंतर तो विभाग दिल्लीला आणि पुढे चंडीगडला आला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले, तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विभागाने मराठी वृत्तपत्रसृष्टीला पिढ्यान्‌पिढ्या मनुष्यबळ पुरवले. दिल्लीतील भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली, तीही प्रामुख्याने प्रशिक्षणासाठी. या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास जानेवारी २०२४ उजाडावे लागले. पीएच.डी.सह पदव्या देण्याचा अधिकार तिला त्यानंतर प्राप्त झाला.

या इतिहासाची छाया आजही विभागांवर आहे. बातमी कशी लिहावी हे शिकवणारी परंपरा समृद्ध आहे. बातमी कशी घडते, कोणाच्या पैशावर घडते आणि वाचकाच्या मनात तिचे काय होते, हे पद्धतशीरपणे शोधणारी परंपरा तुलनेने क्षीण आहे. भारतीय भाषांतील वृत्तपत्रांच्या विस्तारावरील दोन महत्त्वाचे ग्रंथ या संदर्भात बोलके आहेत. ‘इंडियाज न्यूजपेपर रिव्होल्यूशन’ हा २००० मधील ग्रंथ रॉबिन जेफ्री या परदेशी अभ्यासकाचा आहे, तर हिंदी पट्ट्यातील वृत्तपत्रांचा वेध घेणारा ‘हेडलाइन्स फ्रॉम द हार्टलँड’ हा २००७ मधील ग्रंथ सेवंती निनान या पत्रकाराचा. दोन्ही ग्रंथ भारतातील पत्रकारिता विभागांबाहेर आकारास आले.

प्रवेशाचे दार : स्मरण की जिज्ञासा?

मार्च २०२४ मध्ये आयोगाने राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे म्हणजे ‘नेट’चे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरण्याचे ठरवले. उत्तीर्ण उमेदवारांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळते आणि त्यांचा प्रवेश मुलाखतीवर ठरतो. दुसऱ्या गटातील उमेदवार सहायक प्राध्यापकपदासाठी आणि पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र असतात, तर तिसरा गट केवळ प्रवेशासाठी पात्र ठरतो. या दोन्ही गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असून हे गुण एक वर्षच ग्राह्य राहतात.

विद्यापीठागणिक वेगळी परीक्षा देण्याची धावपळ यामुळे कमी होते, हे मान्य करावे लागेल. तथापि नेट ही १५० बहुपर्यायी प्रश्नांची, ३०० गुणांची परीक्षा आहे. संज्ञापनाचे सिद्धान्त, माध्यमविषयक कायदे, जाहिरात आणि संशोधनपद्धती यांची माहिती ती तपासते. चांगला प्रश्न विचारण्याची क्षमता तपासू शकत नाही. शिवाय भाषाविषय वगळता ही परीक्षा इंग्रजी आणि हिंदीतूनच होते. ज्याला मराठी वृत्तपत्रांवर मराठीत काम करायचे आहे, त्यालाही या दारातून जाताना आपली भाषा बाहेर ठेवावी लागते. संशोधन आराखड्याची खरी कसोटी मुलाखतीच्या ३० टक्क्यांत लागायला हवी. ती मुलाखत औपचारिकता ठरली, तर निवड जवळपास पाठांतरावरच झाली असे म्हणावे लागेल.

केंद्रीय परीक्षेवर अवलंबून राहण्यातील धोकाही लगेच दिसून आला. १८ जून २०२४ रोजी देशभर झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली. नऊ लाखांहून अधिक उमेदवारांना ऑगस्ट आणि सप्टेंबरमधील फेरपरीक्षेची वाट पाहावी लागली आणि विद्यापीठांच्या प्रवेशाचे वेळापत्रक कोलमडले.

मार्गदर्शकांचे गणित

२०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक पूर्णवेळ नियमित अध्यापक असावा लागतो. सहायक प्राध्यापकाला त्यासाठी किमान तीन शोधनिबंध आवश्यक आहेत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही.

एखाद्या विभागात एक सहयोगी आणि दोन पात्र सहायक प्राध्यापक असतील, तर त्या विभागाची एकूण क्षमता १४ विद्यार्थ्यांची होते. हे १४ जण तीन ते सहा वर्षे त्या जागा व्यापून असतात. त्यामुळे प्रत्यक्षात एखाद्या वर्षी दोन-तीन जागा रिकाम्या होतात, कधी एकही नाही. अनेक पत्रकारिता विभाग मंजूर पदे न भरता तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या आधारे चालतात. असे अध्यापक वर्ग घेऊ शकतात, मार्गदर्शक होऊ शकत नाहीत. याचा परिणाम विषयनिवडीवरही होतो. विद्यार्थ्याला अभ्यासायचे असते तालुका पातळीवरील वार्ताहराचे अर्थकारण. उपलब्ध मार्गदर्शकाचा अभ्यास असतो जाहिरातींचा. शेवटी विद्यार्थी विषय बदलतो.

सक्ती गेली, प्रलोभन उरले

पूर्वीच्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत निबंध वाचणे बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ही सक्ती काढली. हेतू योग्य होता, कारण या सक्तीमुळे पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला होता. त्याला आळा घालण्यासाठी आयोगाने ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी तयार केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. आयोगाने सुचवलेल्या निकषांच्या आधारे नियतकालिकांची पारख आता संस्थांनीच करावयाची आहे.

मात्र नोकरी आणि पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातातच. म्हणजे सक्ती गेली तरी प्रलोभन शिल्लक आहे आणि रखवालदार मात्र हटला आहे. मराठीत संज्ञापनशास्त्राला वाहिलेली, तज्ज्ञपरीक्षणाची शिस्त पाळणारी नियतकालिके मोजकीच आहेत. अशा स्थितीत विभागाने स्वतःची यादी आणि निकष जाहीर केले नाहीत, तर संशोधकाला दिशा दाखवणारे कोणीच उरत नाही.

वाङ्मयचौर्याबाबतही हाच अनुभव येतो. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. परंतु एखाद्या इंग्रजी प्रबंधातील परिच्छेद मराठीत उतरवला, तर साम्य शोधणारी संगणकीय प्रणाली तो सहसा पकडत नाही. तेथे मार्गदर्शकाचे वाचनच उपयोगी पडते.

पदवीचे मोल

३० जून २०२३ च्या अधिसूचनेने सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता ठरवली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. महाराष्ट्र आणि गोव्यातील उमेदवारांसाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सहयोगी प्राध्यापक आणि त्यापुढील पदांसाठी मात्र पीएच.डी. लागतेच. दुसरीकडे सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना आणली. तीनुसार १५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी.शिवाय अध्यापन करता येते. माध्यमक्षेत्राचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. अशा नियुक्त्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच आणि कमाल चार वर्षांसाठी असतात.

या दोन्ही निर्णयांचा एकत्रित अर्थ असा की, वर्गात शिरण्यासाठी पीएच.डी. हा आता एकमेव परवाना राहिलेला नाही. केवळ नोकरीसाठी पदवी घेणाऱ्यांची गर्दी त्यामुळे ओसरली, तर ते विषयाच्या हिताचेच ठरेल. पण पदोन्नतीचे दार पीएच.डी.वरच अडले असल्याने ती गर्दी पूर्ण थांबेल असे मानण्याचे कारण नाही.

आर्थिक बाजू अधिक कठोर आहे. पाठ्यवृत्तीधारकाला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मिळतात. केंद्रीय विद्यापीठांतील नेटशिवाय प्रवेश घेतलेल्या संशोधकाची रक्कम ८ हजार रुपये ठरली होती. राज्य विद्यापीठांतील अनेकांना तेवढेही मिळत नाही. अल्पसंख्याक समाजांसाठी असलेली मौलाना आझाद पाठ्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. परंतु तिच्या जागा आणि वेळेवर वितरण यांसाठी विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. ग्रामीण भागातून आलेला आणि घर चालवण्याची जबाबदारी असलेला विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षी संशोधन सोडतो, तेव्हा त्यामागे बौद्धिक कमतरता क्वचितच असते.

कोणते प्रश्न वाट पाहत आहेत?

‘अजेंडा मांडणी’चा प्रसिद्ध सिद्धान्त अमेरिकेतील चॅपल हिल या गावातील १०० मतदारांच्या अभ्यासातून पुढे आला. तो अभ्यास १९६८ च्या निवडणुकीचा होता आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील अनेक प्रबंध हा सिद्धान्त पहिल्या प्रकरणात मांडतात आणि शेवटच्या प्रकरणात तो खरा ठरल्याचे सांगतात. एकच बातमी सकाळी वृत्तपत्रातून, दुपारी व्हॉट्सॲप गटातून आणि संध्याकाळी स्थानिक यूट्यूब वाहिनीवरून पोहोचणाऱ्या मराठवाड्यातील गावात कोणाचा अजेंडा चालतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चॅपल हिलमध्ये नाही.

असे प्रश्न विपुल आहेत. बातमीही देणारा आणि जाहिरातीही गोळा करणारा वार्ताहर स्थानिक सत्तेविषयी किती मोकळेपणाने लिहू शकतो? १८६७ चा कायदा मोडीत काढून १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याचा छोट्या साप्ताहिकांवर काय परिणाम झाला? महाराष्ट्राबाहेरील मराठी पत्रकारितेचा इतिहासही असाच विखुरलेला आहे. १९२० मध्ये हैदराबादेत निघालेले ‘निजाम विजय’, १९१९ पासूनचा बेळगावचा ‘तरुण भारत’, मुक्तीनंतर १९६२ मध्ये सुरू झालेला ‘गोमन्तक’ यांच्याकडे एकत्रितपणे पाहिले, तर भाषिक अल्पसंख्याकांच्या पत्रकारितेचे एक वेगळे चित्र उभे राहील.

या कामाची साधनेच हातातून निसटत आहेत. जुन्या अंकांचा कागद ठिसूळ होत चालला आहे आणि जिल्हा पत्रांच्या फायली गोदामांत नष्ट होत आहेत. डिजिटल साधनांची स्थितीही बरी नाही. ट्विटरने २०२३ च्या प्रारंभी माहितीची मोफत उपलब्धता बंद केली, तर फेसबुकवरील मजकुराचा माग काढण्यास उपयोगी असलेली ‘क्राउडटँगल’ ही सुविधा ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली. कालच्या बातम्यांचे संकेतस्थळ आज बंद पडले, तर उद्याच्या संशोधकाला त्याचा मागमूसही लागणार नाही.

अर्धवेळ संशोधकाची संधी

२०२२ च्या नियमांतील एक तरतूद पत्रकारितेसाठी विशेष मोलाची आहे. नोकरी करणाऱ्याला कार्यालयाच्या ना-हरकत प्रमाणपत्रासह अर्धवेळ पीएच.डी. करता येते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मात्र मान्यता नाही. वीस वर्षे न्यायालयीन किंवा कृषी वार्तांकन केलेल्या पत्रकाराकडे जी सामग्री आणि ज्या ओळखी असतात, त्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात. त्याला संशोधनाच्या शिस्तीची जोड मिळाली, तर विषयाचे रूप पालटू शकते. अडचण ना-हरकत प्रमाणपत्राची आहे. खासगी माध्यमसंस्था ते देण्यास बांधील नाहीत आणि स्वतःच्याच उद्योगाची चिकित्सा करणाऱ्या विषयाला तर त्याहून नाहीत. कंत्राटी पत्रकाराने आणि मानधनावरील वार्ताहराने हे प्रमाणपत्र कोणाकडे मागावे, याचे स्पष्ट उत्तर विद्यापीठांनीच द्यावयास हवे.

विभागांनी ठरवावयाचे आहे

नियम सैल करणे चूक नव्हते. त्या जागी काही उभे न करणे मात्र महागात पडेल. विभाग तीन गोष्टी तातडीने करू शकतात. मुलाखतीतील गुणदानाचे निकष आधीच जाहीर करून संशोधन आराखड्याला त्यात प्रमुख स्थान देणे, मान्य नियतकालिकांचे स्वतःचे निकष प्रसिद्ध करणे आणि आपल्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांच्या फायली जपण्याचे काम संशोधन प्रकल्पांशी जोडणे. रिक्त पदे भरणे मात्र सरकारच्या हाती आहे आणि त्यावाचून उर्वरित सुधारणा कागदावरच राहतील.

विद्यार्थ्यानेही अर्ज भरण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या खुल्या भांडारात भावी मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचता येतात. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांच्या मुदतीत घरखर्च कसा भागेल, याचा हिशेब आधीच मांडता येतो. आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर वाचकाला, वार्ताहराला किंवा संपादकाला कशासाठी हवे आहे, हे चार वाक्यांत सांगता येते का, याची परीक्षा नेटच्या आधी घरीच देता येते.