मनिलाहून आलेली बातमी

दिवाळीचा फराळ वाटायला काढला, की मला दरवर्षी एका बाईंची आठवण होते आणि, खरे सांगायचे तर, थोडी लाजही वाटते.

गोष्ट १९७६ सालची. आम्ही पुण्यात राहत होतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे माहेर नगर जिल्ह्यात, जामखेडच्या बाजूला. भाऊबीज आटोपून त्या परतल्या, त्या एक हकीकत घेऊनच. भावाच्या तान्ह्या मुलाला जुलाब लागले होते. पोर हातचे जायची वेळ आली होती. "आमच्या गावचीच एक बाई आली. मीठसाखरेचं पानी चमच्या-चमच्यानं पाजत रातभर बसली. पोरगं वाचलं बघा! अन् ती साळंची पायरी चढली न्हाई कधी. जामखेडच्या डाक्टरांनी शिकिवलं तिला."

मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "अहो, अडाणी बाई कसली डॉक्टरकी करणार? पोर आपसूक बरे झाले असेल."

बाई काही बोलल्या नाहीत. भांडी घासू लागल्या.

पुढे १९७९ साली त्याच वर्तमानपत्रात मनिलाची बातमी आली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार! गाव? जामखेड!

मग मात्र मी मिळेल ते वाचून काढले. वेल्लोरला वैद्यक शिकलेले आणि अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतलेले हे जोडपे १९७० साली या दुष्काळी मुलखात येऊन राहिले. दवाखान्यात बरी झालेली मुले घाणेरडे पाणी आणि अर्धपोटी जिणे यांमुळे पुन्हा आजारी पडतात, हे त्यांनी ओळखले. म्हणून गावोगावच्या बायका निवडून त्यांनाच शिकवले : मूल कसे वजन करून पाहावे, बाळंतपण स्वच्छ कसे करावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित होत्या. ज्यांना उंबऱ्याबाहेर उभे करत, त्यांनाच लोक बाळंतिणीच्या खोलीत बोलावू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ सालीच आपल्या एका पुस्तकात जामखेडच्या कामावर प्रकरण घातले होते. म्हणजे जिनिव्हाला ठाऊक होते, एस्.टी.ने एका दिवसाच्या वाटेवर राहणाऱ्या मला नव्हते.

नव्हते तरी कसे म्हणू? बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आमची सौ. पोळी लाटता लाटता म्हणाली, "हे तर आपल्या बाईंनी सांगितलं होतं तुम्हांला!"

बाई तोवर आमचे काम सोडून गेल्या होत्या. त्यांना गाठून चूक कबूल करावी, असे फार वाटले. पण त्यांचे माहेर नेमके कोणत्या गावचे, हे मला सांगता येईना. तीन-चार वर्षे त्या आमच्या घरी येत होत्या, आणि मी कधी विचारलेच नव्हते.

मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. जामखेडला आजही काम चालू आहे. परदेशचे लोक तेथे शिकायला येतात आणि गावच्या त्या बायकाही त्यांना शिकवतात, असे वाचतो.

आता फराळाचे ताट दारात आलेल्या माणसाच्या हाती देताना मी आधी विचारतो, "तुमचं गाव कोणतं?" आणि वर्तमानपत्र खाली ठेवतो.