बॉयलरची वाफ आणि उसाचा भाव

दसऱ्याच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. पूजा होते, नारळ फुटतो, भाषणे होतात. तिथून हंगाम संपेपर्यंत आपल्या बोलण्यात दोनच गोष्टी असतात: तोड कधी मिळणार आणि भाव किती निघणार. फार तर उताऱ्याची चौकशी होते. पण बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ किती कामी येते आणि किती वाया जाते, हे सभेत क्वचितच कोणी विचारतो. तो इंजिनिअर साहेबांचा विषय, असे आपण धरून चाललो आहोत. वास्तविक तो तुमच्या उसाच्या पैशाचा विषय आहे.

उसात साधारण ७० टक्के पाणीच असते. साखर करायची म्हणजे रसातले पाणी उडवायचे. गुऱ्हाळावर हेच काम चालते. चुलवाणात चिपाड घालायचे, वर काहील उकळायची. काहिलीवर वाफेचा जो लोट दिसतो ती सगळी जळणाची उष्णता असते आणि ती आढ्यातून निघून जाते. उकळत्या पाण्याची एक किलो वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. गुऱ्हाळात ही उष्णता एकदाच वापरली जाते.

कारखान्यात मात्र तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरता येते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू या इंजिनिअरने यासाठी यंत्र काढले आणि १८४३ व १८४६ साली पेटंट घेतले. युक्ती सोपी आहे. रसाची बंद भांडी एकापुढे एक जोडायची. पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ होईल ती दुसऱ्या भांड्याला जळण म्हणून द्यायची, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी करत नेला की रस कमी उष्णतेवर उकळतो. शेवटच्या भांड्यात तो ५५ ते ६० अंशांच्या आसपासच उकळतो. अशी चार भांडी असली की एक किलो वाफेत ढोबळमानाने चार किलो पाणी उडते. आज जवळपास सगळे साखर कारखाने याच तत्त्वावर चालतात.

मग कारखान्या-कारखान्यात फरक कुठे पडतो? तो रस तापवण्यात पडतो. गाळलेला रस आधी ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवतात, चुना आणि गंधकाची प्रक्रिया झाल्यावर पुन्हा १०२ ते १०५ अंशांपर्यंत नेतात. जुन्या पद्धतीत टर्बाइनमधून निघालेली ताजी वाफच हीटरला दिली जाते. सुधारलेल्या पद्धतीत भांड्यांतून निघालेली दुय्यम वाफ त्यासाठी काढून घेतात. शेवटच्या भांड्याची वाफ एरवी कंडेन्सरमध्ये पाण्यावर विझवली जाते. तिच्यावरही थंड रसाची पहिली ऊब निघते. थंड होऊन पडणारे गरम पाणी बॉयलरला परत जाते किंवा चोथ्यावर मारायला वापरता येते. धुराड्यातून जाणाऱ्या गरम धुरावर बॉयलरची हवा आणि पाणी आधीच तापवून घेता येते. फुकट जाणारी उष्णता पकडायची, एवढाच या सगळ्यामागचा हिशेब आहे.

आता आकडे पाहू. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघतो. एक टन बगॅस जाळला की दोन टनांहून थोडी अधिक वाफ मिळते. जुन्या कारखान्यात १०० टन उसाला ५० टन वाफ लागते, म्हणजे २३ ते २५ टन बगॅस बॉयलरमध्येच जातो. शिल्लक राहतो चार-सहा टन. तोच कारखाना ४० टन वाफेत चालला तर आणखी साडेचार-पाच टन बगॅस वाचतो, म्हणजे शिल्लक जवळजवळ दुप्पट होते. रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ही बचत दिवसाला सव्वादोनशे टनांच्या घरात जाते. हंगामाचे दिवस किती, बगॅसचा दर काय, ते धरून गुणाकार तुम्हीच करा. ४० च्या खाली उतरलेले कारखानेही आपल्या देशात आहेत.

वाचलेला बगॅस विकता येतो, त्यावर वीज करता येते, हंगामानंतर डिस्टिलरी चालवता येते. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा, असे सुचवले. महाराष्ट्राने त्यासाठी २०१३ मध्ये कायदा केला. म्हणजे बॉयलरमध्ये विनाकारण जळलेल्या बगॅसमध्ये तुमचाही वाटा जळतो.

यावर कोणी म्हणेल, मग नवीन यंत्रे बसवा. सावकाश! यंत्रे कर्जाने येतात आणि कर्जाचे व्याज शेवटी उसाच्या भावातूनच फिटते. आधी स्वस्तातली कामे झाली का, ते पाहिले पाहिजे. गळके व्हॉल्व्ह, उघडे पडलेले वाफेचे पाइप, परत न येणारे गरम पाणी आणि नळ्यांवर बसलेला खर. घरच्या बंबात क्षार बसले की पाणी तापायला वेळ लागतो, तसेच इथेही आहे. हंगामात वेळेवर नळ्या साफ केल्या नाहीत तर महागडे यंत्रसुद्धा जुन्यासारखेच जळण खाते.

तेव्हा सभासदांनो, यंदाच्या वार्षिक सभेत जेवणाची वेळ होण्याआधी चार प्रश्न विचारा. एक, १०० टन उसामागे किती टन वाफ लागली? दोन, बगॅस किती शिल्लक राहिला आणि त्याचे काय केले? तीन, गाळप किती तास बंद राहिले आणि कशामुळे? चार, गेल्या तीन वर्षांत हे आकडे सुधारले की बिघडले? हे आकडे कारखान्याकडे असतातच. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तांत्रिक कार्यक्षमतेसाठी कारखान्यांना दरवर्षी बक्षिसे देते, ती अशाच नोंदींवरून. भांडायचे नाही, आरडाओरडा करायचा नाही. आकडा मागायचा आणि वहीत टिपून ठेवायचा. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन यायचे.

बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. उसाबरोबर माती, पाचट आणि वाढे गेले की मातीने नळ्या आणि बॉयलर दोन्ही खराब होतात. तोडून दोन-तीन दिवस फडात पडलेल्या किंवा जळालेल्या उसाचा रस चिकट होतो; असा रस उकळायला वेळ घेतो आणि साखरही कमी पडते. तोडीपासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, याची काळजी तोडणीदार, वाहनमालक आणि शेतकरी अशा तिघांनी घ्यायची आहे. ऊस कमी आला आणि गव्हाण रिकामी राहिली की गाळप थांबते, पण बॉयलर जळतच राहतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनाही एक सांगणे आहे. कारखान्याच्या नाल्याला गरम, आंबूस वासाचे पाणी येत असेल तर फक्त प्रदूषण म्हणून तक्रार लिहून थांबू नका. वाफेबरोबर रस उडून कंडेन्सरच्या पाण्यात जात असण्याची ती खूण असू शकते. असे असेल तर गावाच्या विहिरी खराब होत आहेत आणि सभासदांची साखरही वाहून जात आहे. कारखान्याला पत्र द्या, तपासणी करायला लावा.

कारखाना चेअरमनचाही नाही आणि इंजिनिअरचाही नाही. सहकारात तो सभासदांचा असतो. घरात लाकूडफाटा जास्त जळाला तर आपण विचारतोच ना? मग लाखो टन चिपाडाचा हिशेब विचारायला लाजायचे कारण नाही.