चालत्या घरांतील मुलें

दिवाळीचे दिवे विझून आठ-पंधरा दिवस होतात न होतात, तोंच शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कातकरी वाड्या ओस पडूं लागतात. मुकादमाचा टेंपो वाडीच्या तोंडाशीं येऊन उभा राहतो. त्यांत हंडे, तवे, गोधड्या, कोंबड्या आणि मुलें हीं सारखींच भरलीं जातात, व तो भिवंडी-कल्याणच्या बाजूच्या वीटभट्ट्यांकडे चालता होतो. हीं माणसें परत दिसावयाचीं तीं मृग नक्षत्राच्या तोंडावर. तोंपर्यंत भट्टीशेजारीं कच्च्या विटा रचून उभा केलेला भोंगा हेंच त्यांचें घर. शाळेचें दुसरें सत्र सुरू व्हावें आणि त्याच सुमारास मुलाची जागा रिकामी व्हावी, हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे कीं, त्याचें कोणास नवलही वाटत नाहीं. हें नवल न वाटणें हेंच ह्या अनर्थाचें एक मोठें कारण आहे, असें आमचें मत आहे.

घरच चालतें असलें, तर त्या घरांत वाढणाऱ्या मुलाची जबाबदारी कोणाची? गांवची शाळा म्हणते, मूल येथें नाहीं. भट्टीजवळची शाळा म्हणते, मूल येथलें नाहीं. दोन्ही उत्तरें कागदोपत्रीं खरीं, आणि दोहोंच्या मध्यें मूल मात्र अक्षरशः चिखलांत! पण हा प्रश्न कांहीं आमच्याच देशांत प्रथम उत्पन्न झालेला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कालव्यांवर माल वाहणाऱ्या होड्यांवर हजारों मुलें अशींच वाढत होतीं. आगगाडीच्या स्पर्धेनें होडीवाल्यांचें भाडें घसरलें, तेव्हां त्यांनीं किनाऱ्यावरील घर सोडून बायकामुलांस होडीवर घेतलें. राहण्याचा खर्च वांचला, आणि हाताखालचीं माणसें फुकट मिळालीं. सुमारें सत्तर फूट लांब व सात फूट रुंद अशा त्या होडीच्या एका टोंकास असलेल्या खोपटांत सारें कुटुंब राही, व होडी ओढणाऱ्या घोड्यामागें लहान पोर चालत असे. त्यास कोणत्याही गांवची शाळा आपलें म्हणत नसे.

ह्या मुलांची बाजू ज्यानें घेतली, तो जॉर्ज स्मिथ स्वतः वीटभट्टीवर वाढलेला होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १८३१ सालीं जन्मलेल्या ह्या गृहस्थानें बाळपणींच डोक्यावरून माती वाहिली. पुढें त्यानें भट्टीवरील मुलांसाठीं लोकमत जागें केलें, व १८७१ सालीं पार्लमेंटानें वीटकामावरील लहान मुलांच्या मजुरीस कायद्यानें आळा घातला. ह्या खटपटीपायीं त्याची स्वतःची नोकरी गेली. तरी तो स्वस्थ बसला नाहीं. विटांवरून तो होड्यांकडे वळला, आणि १८७७ सालीं कालव्यांवरील होड्यांचा कायदा झाला. त्या कायद्यांतील तत्त्व फार मोलाचें आहे. ज्या होडीवर माणसें राहतात ती कायद्याच्या दृष्टीनें घर आहे. तिची नोंद झालीच पाहिजे. आणि ज्या गांवीं नोंद झाली, त्या गांवचें तें मूल शिक्षणाच्या कामीं समजलें जाईल. एवढें होऊनही आरंभीं कायदा बहुतांशीं कागदावरच राहिला, कारण तो अंमलांत आणण्याची निकड कोणासच नव्हती. तेव्हां १८८४ सालीं दुरुस्ती करून वर्षाच्या वर्षाला पार्लमेंटापुढें अहवाल ठेवण्याची सक्ती करावी लागली.

आमची अवस्था आज त्या १८७७ सालच्या कायद्यासारखीच आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांस शाळेंत प्रवेश मिळेल असें पाहणें, हें त्यानें स्थानिक प्राधिकरणाचें कर्तव्य ठरविलें आहे. शाळा सोडल्याचा दाखला नाहीं किंवा वयाचा पुरावा नाहीं, ह्या सबबीवर मुलास दारांतून परत पाठवितां येत नाहीं. मग उणें कशाचें? उणें आहे तें कर्तव्य करून घेणाऱ्याचें. शिवाय इंग्लंडांतील होडी आज ह्या धक्क्यास, तर उद्यां दुसऱ्या. तिच्यावरील मुलास गांठणें खरोखरच अवघड होतें. आमची भट्टी तर कार्तिकापासून वैशाखापर्यंत एकाच जागीं धूर सोडीत असते. जी दुरून दिसते, ती शाळाखात्यासच तेवढी दिसूं नये काय?

कोणी म्हणतील, आईबापांनाच शिक्षणाची चाड नाहीं. आम्हीं त्यांस उलट विचारतों कीं, पावसाळ्यांत घरांत दाणा नसतां शेठकडून उचल घेतलेल्या माणसास निवड ती कोणती उरली? मजुरी हजार विटांच्या हिशेबानें. म्हणून आईनें माती कालवावयाची, बापानें साचा मारावयाचा, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीनें तान्हें भावंड कडेवर घेऊन विटा पालटावयाच्या. त्या मुलीच्या हातीं पाटी द्यावयाची, तर आधीं तिच्या कडेवरचें मूल उतरविलें पाहिजे. पाळणा आणि पाटी ह्यांची अशी गांठ आहे; ती न ओळखतां नुसतें मास्तरांस पटावरील संख्येबद्दल दटावण्यांत अर्थ नाहीं.

ह्या कामीं आम्हांस परदेशाकडेच पाहावयास नको. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं, तेव्हां ठाणें जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें काम आरंभिलें, आणि पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळाच कुरणांत नेली. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत विधायक संसदेनें वसईच्या बाजूस भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेनें मुलाकडे जावें, हा धडा आमच्याच जिल्ह्यानें महाराष्ट्रास घालून दिला आहे. तो आम्हीं विसरावा, ह्यापरतें दुर्दैव कोणतें?

म्हणून आमचें मागणें थोडें, पण स्पष्ट आहे. दिवाळीपूर्वी प्रत्येक वाडींतील मुलांची यादी व्हावी, व मूल ज्या भट्टीवर गेलें तेथील शाळेकडे ती त्याच्या मागोमाग जावी. भट्टीवर किती मुलें राहतात, ह्याची नोंद केल्यावांचून कोणासही भट्टी पेटवितां येऊं नये. सहा वर्षांखालील मुलांसाठीं भट्टीजवळच अंगणवाडी व सकस आहार असावा. मोठ्या मुलांस गांवींच ठेवतां येत असेल, तर हंगामी वसतिगृह दिवाळीच्या आधीं उघडावें, माघांत नव्हे. आणि ह्या सर्वांचा हिशेब दरवर्षीं लोकांपुढें मांडला जावा. उचलीचा फांस कायम असेपर्यंत हे सारे वरवरचेच उपाय होत, हें आम्ही जाणतों. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ चा आहे; तोही कपाटांतून बाहेर काढावा. पण तो फांस सुटेपर्यंत आज पांच वर्षांचें असलेलें मूल थांबून राहत नाहीं.

शहापूरच्या तानसा-भातसाचें पाणी मुंबई पिते, आणि ह्या मुलांच्या आईबापांनीं थापलेल्या विटांनीं आसपासचीं शहरें उभीं राहतात. ज्यांच्या श्रमांनीं इतरांचीं घरें स्थिर झालीं, त्यांच्या मुलांस वर्षाचे बाराही महिने आपलें म्हणणारी एक शाळा असावी, एवढेंच आम्ही मागतों. पुढच्या दिवाळीस टेंपो येईल तो येईलच. त्याच्या मागोमाग मुलांची यादी निघते कीं नाहीं, हें पाहणें आतां लोकांच्या हातीं आहे.