चौकट आपल्या दारापुरती

फैजपुरात घरावर कॅमेरा लावणे ही आता चैन राहिलेली नाही. पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेली मुले आई-वडिलांच्या काळजीपोटी तो बसवून देतात. दिवसभर केळीच्या बागेत असणारी कुटुंबे बंद घरासाठी बसवतात. बसवणारा तारा जोडतो, मोबाइलवर चित्र दाखवतो आणि निघून जातो. हालचाल नेमकी कुठली टिपायची, तो भाग आखण्याचे काम मात्र राहून जाते, आणि तिथेच कॅमेऱ्याचा निम्मा उपयोग संपतो.

साधा घरगुती कॅमेरा आताचे चित्र क्षणापूर्वीच्या चित्राशी ताडून पाहतो. पुरेसे ठिपके बदलले की हालचाल झाली असे मानून तो सूचना धाडतो. बदल माणसामुळे झाला की केळीच्या पानामुळे, हे त्याला कळत नाही. परसातल्या केळीचे रुंद पान वाऱ्याने हलले तरी चित्राचा मोठा तुकडा बदलतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गालगतच्या घरांच्या भिंतींवर रात्रभर ट्रकचे झोत फिरतात. पावसाळ्यात भिंगाजवळच्या इन्फ्रारेड दिव्याकडे किडे झेपावतात आणि कोळी तिथेच जाळे विणतो. मोबाइल सारखा वाजू लागला की माणूस कंटाळून सूचना बंद करतो. मग खरोखर कुणी फाटकाची कडी काढली, तरी घरच्यांना पत्ता लागत नाही.

उपाय फुकटचा आहे. अ‍ॅपमध्ये ‘डिटेक्शन एरिया’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्हिटी झोन’ उघडा. फाटकापासून दारापर्यंतची वाट, जिना आणि गाडी लावायची जागा तेवढी आत घ्या. रस्ता, आभाळ, झाडे वगळा. संवेदनशीलता मध्यम ठेवा. घरातल्या कुणाला दिवसा आणि अंधारात त्या वाटेने चालायला लावून सूचना येते का ते पाहा. कॅमेऱ्याकडे सरळ येणाऱ्यापेक्षा त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस लवकर टिपला जातो, म्हणून कॅमेरा वाटेला थोडा तिरका असावा. माणूस ओळखण्याची सोय असेल तर तीही सुरू करावी.

मात्र एक गैरसमज दूर व्हायला हवा. भाग वगळल्याने तिथली सूचना थांबते, चित्रण थांबत नाही. आपल्या गल्ल्यांत समोरच्याचा ओटा चार पावलांवर असतो. तिथे बायका धान्य निवडतात, उन्हाळ्यात माणसे बाज टाकून झोपतात, आणि ते सारे आपल्या मेमरी कार्डात साठत राहते. ते झाकण्यासाठी ‘प्रायव्हसी मास्क’ ही वेगळी सोय असते. तिने चित्राचा तेवढा भाग काळा होतो. ती नसेल तर कॅमेऱ्याचे तोंड वळवावे.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२१ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या न्यायालयाने शेजारणीचे चित्र व बोलणे टिपणारे घरगुती कॅमेरे माहिती-संरक्षण कायद्याचा भंग करणारे ठरवले. दूरवरचे बोलणे टिपणारा मायक्रोफोन त्या न्यायाधीशांना अधिक आक्षेपार्ह वाटला होता. आपला २०२३चा माहिती-संरक्षण कायदा मात्र घरगुती वापराला वगळतो, त्यामुळे मर्यादा राखण्याची जबाबदारी कॅमेऱ्याच्या मालकावरच येते.

म्हणून समोरचा ओटा दिसत असेल तर शेजाऱ्याला घरी बोलवा, चित्र दाखवा, तो भाग त्याच्यादेखत काळा करा आणि गरज नसेल तर मायक्रोफोनही बंद ठेवा.