१९४५ : बेलापूर रोडचे पुसलेले पान

१/ महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास सांगताना पहिले पान ठरलेले असते : ३१ डिसेंबर १९५०, प्रवरेच्या कारखान्याचे पहिले गाळप. त्याला ‘आशियातील पहिला’ हे बिरुद जोडले की इतिहास सांगून झाला, असे मानले जाते. परंतु या पानाच्या आधी आणखी एक पान आहे. त्यावर साल आहे १९४५ आणि गाव आहे बेलापूर रोड. (धागा)

२/ बेलापूर रोड म्हणजे आजचे श्रीरामपूर. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि बेलापूरच्या नावाने उभ्या राहिलेल्या स्थानकाभोवती पुढे पेठ वाढली. शहराचे नाव बदलले. स्थानकाची पाटी आजही ‘बेलापूर’च सांगते. जुन्या कागदांत ‘बेलापूर रोड’ वाचून श्रीरामपूरकरसुद्धा आपल्याच गावावरून पुढे निघून जातो.

३/ डिसेंबर १९४५ मध्ये येथे दख्खन कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. ऊस पिकवणाऱ्यांनी साखरेच्या धंद्यात स्वतः उतरावे आणि तेही सहकाराच्या मार्गाने, या विचाराला येथे जाहीर व्यासपीठ मिळाले. प्रवरेचा कारखाना नोंदला गेला तो तीन वर्षांनी, ३१ डिसेंबर १९४८ रोजी.

४/ हे पान का पुसले गेले? कारण आज सहकाराच्या दोनच कथा विकल्या जातात. पहिली भक्तीची : एका द्रष्ट्या पुरुषाने कारखाना दिला आणि जनता कृतार्थ झाली. दुसरी तुच्छतेची : सहकार हा आरंभापासूनच सत्तेने पोसलेल्या पुढाऱ्यांचा उद्योग होता. दोन्ही कथा एकमेकींच्या शत्रू भासतात. १९४५ हे साल दोघींनाही अडचणीचे आहे.

५/ मुळापासून पाहू. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. कालवे काढले ते दुष्काळाला उतारा म्हणून. पण पाणी शेतात आले म्हणजे पैसा घरात येतोच असे नाही. ऊस हे वर्ष-दीड वर्षाचे पीक. त्याला खत, बेणे, पाणीपट्टी आणि मजुरी यांसाठी आधी भांडवल लागते. ते सावकाराकडे आणि अडत्याकडे होते.

६/ याच पाण्यावर मोठ्या भांडवलाची नजर गेली. हरेगावला बेलापूर कंपनी आणि टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स असे खासगी कारखाने उभे राहिले. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण दिले आणि देशातील कारखान्यांची संख्या सुमारे तीसवरून चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेली. नगर जिल्हा त्या लाटेच्या अग्रभागी होता.

७/ येथे दख्खनचे वेगळेपण ध्यानात घ्यावे. उत्तरेकडील कारखाने मुख्यतः शेतकऱ्यांचा ऊस विकत घेत. येथील कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःचे मळे उभारले. त्यामुळे शेजारी धुराडे उभे राहिले, तरी ते लहान बागाईतदाराच्या उसाचे भरवशाचे गिऱ्हाईक झाले नाही. त्याच्यासमोर गुऱ्हाळ आणि पेठेतला गुळाचा भाव एवढेच उरले. जागतिक मंदीत तो भावही कोसळला.

८/ म्हणजे शेतकऱ्यापुढे दोन वाटा होत्या. जमीन कंपनीला खंडाने द्यावी आणि आपल्याच शिवारात परका व्हावे; नाहीतर गूळ करून अडत्याच्या दारात उभे राहावे. १९४५ च्या परिषदेला या कोंडीतून तिसरी वाट काढायची होती. ही पोटाची निकड होती. तिला नंतर ‘द्रष्टेपणा’चे सोनेरी वेष्टन चढले.

९/ गाडगीळ हे नाव शोभेसाठी निवडलेले नव्हते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते १९३० पासूनचे संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम हा त्यांच्या संस्थेच्या पाहणीचाच विषय होता. त्याचा अहवाल १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आला. शेती-वित्ताविषयीच्या ज्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते, तिचा अहवालही १९४५ चाच. शेतकऱ्याचे कर्ज हा त्यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी होता.

१०/ आता ‘सत्तेने पोसलेले’ या आरोपाकडे. डिसेंबर १९४५ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळच नव्हते. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, तेव्हापासून गव्हर्नरची राजवट होती. बाळासाहेब खेरांचे सरकार पुन्हा आले ते १९४६ मध्ये. जे सरकार अस्तित्वातच नव्हते, त्याने सहकार वाटला कसा?

११/ त्या वर्षाचे वातावरणही आठवावे. १९४२ पासून नेहरूंसह काँग्रेसचे श्रेष्ठी नगरच्याच किल्ल्यात स्थानबद्ध होते. १९४५ मध्ये त्यांना तेथून हलवून मुक्त करण्यात आले. ऑगस्टमध्ये महायुद्ध संपले. नगर जिल्ह्याचे १९४५ म्हटले की किल्ला आठवतो. त्याच जिल्ह्यातील स्थानकाच्या पेठेत जमलेले बागाईतदार आठवत नाहीत. इतिहासाला कैदी नेता दिसतो, हिशेब मांडणारा शेतकरी दिसत नाही.

१२/ सरकारची मदत आली, ती मागाहून. वैकुंठभाई मेहता अर्थ आणि सहकार खात्याचे मंत्री असताना मुंबई सरकारने भागभांडवल दिले, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. ती मदत मोलाची होती, यात वाद नाही. पण आधी मागणी, मग शेअर, मग सरकार, हा क्रम आहे. क्रम उलटा लावला की हक्काचे दान होते.

१३/ भक्तीच्या कथेचीही तपासणी हवी. विठ्ठलराव विखे पाटील यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. १९२३ मध्ये लोणी बुद्रुकला पतपेढी स्थापन करणारा, गावोगाव फिरून साशंक शेतकऱ्यांकडून शेअर गोळा करणारा हा माणूस नसता, तर परिषदेतला विचार कागदावर राहिला असता. पण त्यांना एकट्याला उभे केल्याने त्यांचा मान वाढत नाही. ज्या हजारो हातांवर त्यांनी विश्वास टाकला, ते हात मात्र चित्रातून नाहीसे होतात.

१४/ ‘आशियातील पहिला’ या बिरुदाचेही तसेच. १९३० च्या दशकात आंध्रात एटिकोप्पाका, थुम्मपाला, वुय्युरू आणि संयुक्त प्रांतात बिसवां येथे सहकारी साखर कारखाने निघाले होते. काही बुडाले, काही टिकले. महाराष्ट्रातही सासवडच्या माळी बागाईतदारांनी त्याच दशकात माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. तो सहकारी नव्हता, कंपनी होती, पण मालक शेतकरीच होते.

१५/ मग प्रवरेचे महत्त्व उणावते का? मुळीच नाही. तो प्रयोग टिकला, वाढला आणि त्याच्यामागे महाराष्ट्रभर कारखान्यांची रांग लागली. एवढे यश पुरेसे असताना ‘पहिले’पणाचा खोटा दागिना कशाला हवा? ज्याच्याजवळ खरे धन आहे, त्याने उसने अलंकार मिरवू नयेत.

१६/ आता १९४५ चेही गोडवे आंधळेपणाने गाऊ नयेत. ती परिषद बागाईतदारांची होती. नावातच मर्यादा आहे. ज्याच्याजवळ जमीन आणि कालव्याचे पाणी, तोच तेथे बोलणार. भूमिहीन, मळ्यावरचा मजूर, ऊस तोडणारी बाई, कोरडवाहू कुणबी यांच्यासाठी त्या मांडणीत मालकीची जागा नव्हती.

१७/ अवघ्या सहा वर्षांपूर्वी, डिसेंबर १९३९ मध्ये, आजच्या श्रीरामपूर तालुक्यातीलच हरेगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली होती. वतनाच्या जमिनींवर वाढवलेल्या जुडीविरुद्ध ती होती. एकाच परिसरातील दोन डिसेंबर, दोन परिषदा. एकीतून कारखाने उभे राहिले. दुसरीची आठवण सहकाराच्या गौरवग्रंथांत शोधून पाहावी.

१८/ खंडकऱ्यांचे काय झाले, तेही याच तालुक्याने पाहिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांकडील मळे काढून घेतले. ते मूळ मालकांच्या हाती आले नाहीत. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेले. आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीसाठी खंडकऱ्यांच्या पिढ्या मोर्चे आणि न्यायालये करीत राहिल्या. कंपनी गेली, सरकार आले. शेतकरी बांधाबाहेरच राहिला.

१९/ या दोन अनुभवांतून एकच प्रश्न उभा राहतो : मालक कोण? खंडकऱ्याने जमीन दिली आणि निर्णयाचा हक्क गमावला. बागाईतदाराने शेअर घेतला आणि हक्क मिळवला, निदान कागदावर. सहकाराचा अर्थ साखर तयार करणे हा नाही. साखर हरेगावलाही होत होती. त्याचा अर्थ एक सभासद, एक मत. शेअर कितीही असोत.

२०/ म्हणून पुसलेल्या पानाचा वाद केवळ तारखेचा नाही. कारखाना कोणीतरी ‘दिला’ अशी कथा रुजली की देणाऱ्याच्या गादीचा वारसही ठरतो. वार्षिक सभेत अहवाल न वाचताच ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो. हिशेब विचारणारा सभासद कृतघ्न ठरतो. राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने अवसायनात निघाले, विकले गेले, खासगी झाले. आणि ज्यांच्या शेअरवर ते उभे होते, त्यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली.

२१/ तुच्छतेची कथा या लिलावांना सोयीची ठरते. सहकार मुळातच भ्रष्ट होता असे एकदा मान्य केले, की विक्रीला कोण हरकत घेणार? भक्त सभासदाला गप्प बसवतो, टीकाकार त्याला अस्तित्वातूनच वगळतो. दोघांच्या मधून मालमत्ता सुरळीत बाहेर पडते.

२२/ १९४५ चा बागाईतदार संत नव्हता. तो स्वतःच्या उसाचा भाव शोधत होता आणि आपल्याहून गरिबाचा विचार करायला विसरला होता. पण आपल्या मालाचा मालक कोण, हा प्रश्न त्याने कोणा पुढाऱ्याची वाट न पाहता विचारला. पुढच्या वार्षिक सभेत हात वर करण्यापूर्वी सभासदाने तोच प्रश्न विचारावा. आणि या वेळी तो विचारताना उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्यांनाही सभेत जागा असावी.

#इतिहास #श्रीरामपूर #सहकार