चोर सोडून संन्याशाला सुळी

पत्रादेवी आणि दोडामार्ग येथील नाक्यांवर पहारा कडक करा, 'भायल्यां'ना आवरा, अशी हाकाटी पेडणे व डिचोली तालुक्यांत वारंवार उठत असते. ती करणाऱ्यांची तळमळ खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. आणि ज्या ट्रकांवर डिचोलीतील कित्येक घरांची चूल पेटत होती ते दारात उभे राहिले. मोप्याच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, तेव्हा आपल्या मुलांच्या पदरात काय पडले, असे पेडण्यातील आईबापांनी विचारले तर त्यात वावगे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर जेथे शोधले जात आहे तेथे ते नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम 'बेकायदा' या शब्दाचा हिशेब करू. ओरिसा, झारखंड वा बिहारमधून आलेला मजूर या देशाचा नागरिक आहे. देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा व पोट भरण्याचा अधिकार त्यास घटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे. नेपाळी माणसास १९५० च्या तहाचा आधार आहे. बांदा-सावंतवाडीकडून रोज सकाळी दुचाकीवर येणारा तरुण तर आपल्याच भाषेत बोलतो. उरला तो कागदपत्रांवाचून आलेला परदेशी. त्याच्यासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलात आला आहे; त्याने आपले काम करावे, आमची हरकत नाही. मात्र तो सर्वांना सारखा लागू व्हावा. पर्यटक म्हणून येऊन मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर खुशाल धंदा थाटणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत. तेथे मात्र आमच्या संतापाला एकाएकी आतिथ्याचे भरते येते! आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच पत्रादेवीवर ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, तेही सालाझारशाहीच्या लेखी बेकायदा घुसलेलेच होते, याचे स्मरण पेडणेकरांस आम्ही द्यावे असे नाही.

मग बेकायदा काय आहे? बेकायदा आहे तो ठेका. मुकादम परगावाहून माणसे आणतो, त्यांची नावे कोणत्याही वहीत नसतात, ठरलेल्या मजुरीतून खोली व खाणे कापले जाते, भविष्यनिर्वाह निधी कशाशी खातात हे त्यांस ठाऊक नसते. मालक विचारल्यास ठेकेदाराकडे बोट दाखवितो व ठेकेदार हात वर करतो. स्थानिक मुलाची नोकरी हिरावली जाते ती परक्याच्या कावेबाजपणाने नव्हे, त्याच्या लाचारीने. जो तक्रार करू शकत नाही तोच मालकाला हवा असतो. आणि आपण त्याच्यावर जितके अधिक ओरडतो तितका तो अधिक लाचार, म्हणून अधिक स्वस्त होतो.

हे होऊ नये यासाठीच १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. पाच माणसे परराज्यातून आणली तरी तो लागू होई. ठेकेदारास परवाना, कामगारास पासबुक, येण्याजाण्याचे भाडे आणि विस्थापनाचा भत्ता अशी त्यात तरतूद होती. कायदा चांगला होता. त्याची वही मात्र कोरीच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता आली आहे. स्वतःहून आलेल्या मजुरासही तिने आपल्या व्याख्येत घेतले, हे स्वागतार्ह. परंतु पाचाची मर्यादा दहावर गेली, विस्थापनाचा भत्ता गळाला, ठेकेदाराच्या परवान्याची अट २० माणसांवरून ५० वर गेली. आणि निरीक्षकाचे बारसे 'निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता' असे झाले. सुविधा कोणाची, हे विचारण्याची सोय नाही.

याची किंमत काय होते ते ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री बार्देशातील हडफड्यास दिसले. नाइटक्लबच्या आगीत २५ माणसे गेली. त्यांतील बहुतेक तेथेच राबणारी, दूरदूरच्या राज्यांतून आणि नेपाळातून आलेली होती. नाक्यावरील कितीही कडक पहारा त्यांस वाचवू शकला नसता. वेळीच आत पाऊल टाकणारा एखादा निरीक्षक कदाचित वाचवू शकला असता.

अमेरिकेसारख्या बलाढ्य राष्ट्राचाही अनुभव निराळा नाही. १९५२ च्या कायद्याने तेथे बेकायदा आलेल्यास आसरा देणे गुन्हा ठरविले, पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी पळवाट टेक्सासच्या शेतमालकांसाठी ठेवली. सरहद्दीवर धरपकड चाले आणि मळ्यांतून भरती चाले! १९८६ साली मालकास दंड करणारा कायदा झाला, तर 'जाणूनबुजून' या एका शब्दाच्या आडोशाला मालक जाऊन उभे राहिले व माणसे ठेकेदारांमार्फत घेऊ लागले. सरहद्द तीच राहिली, मजुरी मात्र उतरली.

तेव्हा आमची मागणी नाक्याविषयी नसून कारखान्याच्या फाटकाविषयी आहे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने चुकती करावी, हे तत्त्व जुन्या कायद्यात होते व नव्या संहितेतही आहे, ते वापरा. कोणत्या ठेकेदाराची किती माणसे कोठे राबतात याची यादी पंचायतीच्या फलकावर लावा. मजुरी बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागा, आणि किमान वेतन बुडविणाऱ्याचे नाव, तो परका असो वा गावचा प्रतिष्ठित असो, जाहीर करा. गावचे प्रतिष्ठितच अनेकदा ठेकेदार असतात आणि नाक्यावरच्या पहाऱ्यासाठी सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असतो, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात आले असेलच. तुये आणि डिचोली येथील औद्योगिक वसाहतींपासून हे काम सुरू करण्यास एकाही नव्या कायद्याची जरुरी नाही.