वाघ दिसला तरच बक्षीस?

सहलीच्या जाहिरातीत ‘हमखास व्याघ्रदर्शन’ लिहिलेलं दिसलं, तर तिथे बुकिंग करू नका. वाघ दिसणार नाही म्हणून नव्हे. बहुतेक दिसेल. तो दाखवण्यासाठी जे केलं जातं, त्याबद्दल मला बोलायचंय.

या उन्हाळ्यात एका ग्रुप टूरबरोबर मी ताडोब्यात होते. पहाटे सफारी, मग धावतपळत चंद्रपूरचं महाकाली मंदिर आणि गोंड राजांच्या किल्ल्याची वेस, दुपारी पुन्हा सफारी. मोहर्ली गेटवर जिप्सीत बसतानाच आमच्यातले एक काका गाइडला म्हणाले, “भाऊ, वाघ दाखव, ५०० वेगळे देतो.” सगळी सफारी तिथेच ठरून गेली.

गाइड जवळच्याच गावातला, पंचविशीतला मुलगा. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल दाखवायला त्याने गाडी थांबवली, तर मागून “चला, चला” सुरू झालं. पुढे रानकुत्र्यांची टोळी दिसली. नामशेष होण्याचा धोका असलेला हा प्राणी आमच्यापासून वीस फुटांवर होता आणि आम्ही दोन मिनिटंही थांबलो नाही. कारण लांबून सांबराचा कॉल आला होता. कॉल म्हणजे वाघ, वाघ म्हणजे ५०० रुपये.

वळणावर चौदा जिप्स्या होत्या, मी मोजल्या. वाघिणीला रस्ता ओलांडून पाणवठ्याकडे जायचं होतं. ती पुढे आली की गाड्या पुढे, मागे सरली की गाड्या मागे. तिसऱ्यांदा ती वळली आणि बांबूत शिरली. मे महिन्यातलं ऊन, आणि पाणी न पिता ती परत गेली. आमच्या गाडीत टाळ्या वाजल्या.

हे एखाद्याच सकाळी होत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. व्हिडिओ फिरला, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाइडवर कारवाई झाली. कारवाई हवीच होती. पण पर्यटकांचं काय? बक्षिसाची लालूच आपण दाखवायची आणि निलंबित व्हायचं गावातल्या पोराने, हा कुठला न्याय?

पर्यटनामुळेच जंगल टिकतं, गावाला रोजगार मिळतो, असं लगेच कुणी म्हणेल. मान्य. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं, तेव्हा किती घरांच्या पोटावर पाय आला असेल, ते मला कळतं. म्हणूनच तर म्हणते, त्या मुलाला पैसे त्याला जंगल कळतं म्हणून मिळू द्या. आज त्याची वरकमाई वाघाच्या मूडवर लटकलेली आहे. अशा वेळी तो ड्रायव्हरला “थोडी मागे घे” कशाला म्हणेल?

ताडोबा हे नाव तारू या गोंड देवावरून आलं. दंतकथा अशी की गावचा प्रमुख तारू वाघाशी झुंजताना मेला. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. वाघ म्हणजे काय हे इथल्या माणसाला आपण शिकवायला नको. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. याच जिल्ह्यात आपण ‘साइटिंग झालं का?’ विचारत फिरतो. (हा शब्दच मला आवडत नाही. त्यात प्राण्यापेक्षा आपला हिशेब जास्त.) आमच्या टूर लीडरने दिवसभरात ना तारूचं नाव काढलं, ना त्या बायकांचं. रात्री जेवताना मात्र कुठल्या गाडीला किती वाघ दिसले, ते माइकवर वाचून दाखवलं. ज्यांना दिसला नव्हता ते पैसे परत मागण्याच्या गोष्टी करत होते.

तुम्ही ताडोब्याला जा, जरूर जा. बुकिंगच्या वेळी एवढंच विचारा की सोबत येणाऱ्याला झाडं, पक्षी, पाऊलखुणा ओळखता येतात का. गाड्यांची गर्दी दिसली की आपली गाडी पुढे न्यायला सांगा. सहापैकी एकाने सांगितलं तरी ड्रायव्हर ऐकतो, दुपारच्या फेरीत मी ते करून पाहिलंय. काका तेव्हापासून माझ्याशी बोलले नाहीत. आणि बक्षीस द्यायचंच असेल, तर सकाळी गेटवरच गाइडच्या हातात ठेवा, गाडी आत शिरण्याआधी.